निकालाची रात्र (गोवा)

लोकसभेच्या मतमोजणीचे आकडे एकाच पक्षाच्या माणसांनी एकत्र बसून, जागून ऐकायचे, याला गोव्यात आमच्याकडे निकालाला बसणं म्हणतात आणि त्या रात्रीला निकालाची रात्र. बसायची जागा ठरलेली अशी नसते, पक्षाचं ऑफिस असतं, कोणाची तरी वखार असते, देवळाजवळचा हॉल असतो, नाहीतर एखाद्या जुन्या कार्यकर्त्याच्या घरचा बलकांव, म्हणजे घरापुढची बसायची ओसरी. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या मराठी वाचणाऱ्या तालुक्यांत ही पद्धत जास्त दिसते, आणि माझ्या मते त्याचं एक कारण असं की या गावांना रात्रभर बसायची सवय मुळातच आहे, जत्रेला दशावतारी नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं, तेवढं बसणाऱ्या माणसाला मतमोजणीचं जागरण काही जड जात नाही.

543 जागांच्या लोकसभेत गोव्याच्या वाट्याला फक्त 2, उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा, 2008 च्या पुनर्रचनेआधी यांचीच नावं पणजी आणि मुरगाव होती. म्हणजे आपल्या दोन जागांचं काय ते कळलं की झोपून जायला हरकत नाही, पण कोणी झोपत नाही. दिल्लीत कोणाचं सरकार येतंय हे कळेपर्यंत माणसं हलत नाहीत, आणि त्यातही पेडण्याच्या माणसाचा एक कान सिंधुदुर्गाकडे असतो, कारण सासर-माहेर, शेतं, देव सगळं सातार्डा-आरोंद्याच्या पलीकडे पसरलेलं आहे.

कागदी मतपत्रिकांचा काळ

खरी रात्र ती तेव्हाची. मतपेट्या उघडायच्या, मतपत्रिका सरळ करायच्या, उमेदवाराप्रमाणे वेगळ्या करायच्या, गठ्ठे बांधायचे, शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेषेवर पडला असेल तर त्यावरून दोन्ही पक्षांचे एजंट भांडायचे, मग अधिकारी ठरवणार मत बाद की चालणार, आणि असं एकेक करत सकाळी 8 ला सुरू झालेली मोजणी रात्र उलटली तरी संपायची नाही. जवळची लढत असली की फेरमोजणीची मागणी यायचीच. बाहेर थांबलेल्यांना आत काय चाललंय ते कळायचा एकच मार्ग, आतला एजंट बाहेर येणं, आणि त्याचा चेहरा लोक तो बोलायच्या आधीच वाचायचे.

गावात बसलेल्यांना रेडिओ. आमचे बाबा मगोचे, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, सिंह या चिन्हाचे, आणि मार्च 1977 ची गोष्ट ते इतक्यांदा सांगायचे की मी ती पाहिल्यासारखी झालीय. ट्रान्झिस्टरचं मागचं झाकण मोडलेलं, ते रबरानं बांधलेलं, सेल दुपारी उन्हात ठेवून तापवलेले म्हणजे रात्रभर टिकतील, आणि वीसेक माणसं त्या खोक्याभोवती. पणजीची जागा मगोचे अमृत कांसार जिंकले, मुरगावात काँग्रेसचे एदुआर्द फालेरो आले, म्हणजे घरात अर्धा आनंद, पण त्या रात्री सगळं लक्ष होतं रायबरेलीकडे. इंदिरा गांधी राजनारायण यांच्याकडून 55 हजारांवर मतांनी हरल्या हे ऐकल्यावर पहिलं मिनिटभर कोणी काही बोललंच नाही म्हणे, कारण कानांवर विश्वास बसेना, मग एकानं सांगितलं परत ऐकूया, पुढच्या बातम्यांपर्यंत थांबूया, आणि पुढच्या बातम्यांपर्यंत सगळे तसेच थांबले.

बाबांची वही मात्र मी स्वतः हाताळलीय. हिशेबाची असते तसली लांबट वही, लाल कापडी पाठ, प्रत्येक राज्याला एक पान, गोव्याचं पान सगळ्यात पहिलं. पेन्सिलीनं आघाडी लिहायची, निकाल जाहीर झाला की त्याच्यावर शाईनं. पेन्सिलीचा आकडा कोणाला मोठ्यानं वाचून दाखवायचा नाही हा त्यांचा नियम, कारण आघाडी म्हणजे निकाल नव्हे, आणि पेन्सिलीच्या आकड्यावर फटाके लावणाऱ्यांची नंतर काय गत होते ते त्यांनी बघितलं होतं. 1989 च्या पानावर पणजीच्या चौकटीत शाईनं गोपाळ मयेकर असं लिहिलंय, ते मगोचे, आणि खाली दोन रेघा मारल्यात. ती वही भिजलेली आहे, त्याचंही कारण आहे, मांडवीचा पूल 1986 साली कोसळलेला, त्यामुळे पणजीला जायचं तर बेतीहून फेरीबोट, आणि बाबा वही छातीशी धरून त्या गर्दीत उभे राहिलेले.

दूरदर्शन आल्यावर बसायची जागा बदलली, ज्याच्या घरी टीव्ही तिथे, मग तो दुसऱ्या वाड्यावरचा का असेना. प्रणय रॉय आणि विनोद दुआ आकडे सांगायचे आणि नवीन आकडे येईपर्यंत मध्येमध्ये हिंदी सिनेमे लावायचे, त्यामुळे राजकारणाशी काही संबंध नसलेली पोरंटोरंही सिनेमासाठी येऊन बसायची आणि हळूहळू त्यांनाही निकालाची गोडी लागायची. मी तसाच लागलो.

1996 चं वेगळं सांगायला हवं. त्या वर्षी गोव्यात काँग्रेसच्या दोन्ही जागा गेल्या आणि दोन्हीकडे प्रादेशिक पक्ष आले, उत्तरेत मगोचे रमाकांत खलप, दक्षिणेत युनायटेड गोवन्स डेमोक्रॅटिक पक्षाचे चर्चिल आलेमाव. खलप मांद्र्याचे, म्हणजे पेडण्याचे, म्हणजे घरचे. देशात कोणालाच बहुमत नव्हतं, वाजपेयींचं सरकार 13 दिवसांत पडलं आणि देवेगौडांच्या सरकारात खलप कायदा खात्याचे राज्यमंत्री झाले. एका खासदाराचा पक्ष, पण त्या एकाची किंमत दिल्लीला कळली, आणि तेव्हापासून आमच्याकडे निकालाला बसणारा माणूस आपली जागा आल्यावर लगेच उठत नाही, देशाची बेरीज पुरी होईपर्यंत बसतो, कारण बेरीज जुळवताना आपला एक कुठे लागेल ते सांगता येत नाही.

मशीन आल्यावर

अख्ख्या राज्याची विधानसभा निवडणूक पूर्णपणे मतदान यंत्रावर घेणारं पहिलं राज्य गोवा, 1999 साली. 2004 ला सगळ्या देशाची लोकसभा यंत्रावर झाली. 2017 च्या विधानसभेला गोव्यातल्या सगळ्या 40 मतदारसंघांत व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी छापणारं यंत्र, लावलं, तेही राज्यभर लावणारं गोवा पहिलंच. त्यामुळे मोजणी भराभर व्हायला लागली, सकाळी 8 ला पोस्टल मतं, अर्ध्या तासानं यंत्रं, आणि दुपारपर्यंत कल स्पष्ट. काही जण म्हणाले आता निकालाची रात्र संपली. मला तसं वाटत नाही, ती पुढे-मागे सरकली एवढंच.

एक भाग आदल्या रात्रीवर गेला. मतदान संपल्यावर प्रत्येक बूथवर किती मतं पडली त्याचा जो फॉर्म एजंटला मिळतो, सतरा सी, त्या सगळ्या फॉर्मांची चळत घेऊन कार्यकर्ते रात्री बसतात आणि बूथवार यादी करतात, म्हणजे सकाळी टेबलावर यंत्र उघडल्यावर त्याचा एकूण आकडा आपल्या कागदाशी जुळतो का ते एजंटला लगेच बघता येतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि माझ्या मते सगळ्या निवडणुकीतलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. पहाटे ती मुलं पास गळ्यात अडकवून निघतात, उत्तरेची पणजीला आल्तिनोवर, दक्षिणेची मडगावात दामोदर कॉलेजला, मोबाइल आत नेता येत नाही म्हणून तो बाहेर कोणाकडे तरी ठेवायचा, आणि मग दिवसभर गावातले लोक त्यांच्या फोनची वाट बघतात जो येऊ शकत नाही हे त्यांनाही माहीत असतं.

दुसरा भाग निकालाच्या दिवशीच्या रात्रीवर गेला. 2019 पासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या 5 केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या हातानं मोजतात, गोव्याच्या दोन्ही जागांत प्रत्येकी 20 विधानसभा मतदारसंघ, म्हणजे जागेमागे 100 केंद्रांच्या चिठ्ठ्या, आणि ते झाल्यावरच सगळं पक्कं होतं. शिवाय देशातल्या अडकलेल्या जागा असतातच.

आकडे वाचायचीही एक कला आहे. दक्षिणेत साष्टी तालुक्याचे 8 मतदारसंघ, नुवें, कुडतरी, फातोर्डा, मडगाव, बाणावली, नावेली, कुंकळ्ळी, वेळ्ळी, हे मतांत बहुतेक एका बाजूला झुकणारे, आणि फोंडा, शिरोडा, मडकई, सावर्डे, सांगे ही दुसऱ्या बाजूला, त्यामुळे नुसती आघाडी ऐकून काही कळत नाही, कुठल्या भागाच्या किती फेऱ्या राहिल्यात ते विचारावं लागतं. 2019 ला काँग्रेसचे फ्रान्सिस सार्दिन फक्त 9,755 मतांनी आले आणि 2024 ला काँग्रेसचेच कॅप्टन विरियातो फर्नांडिस 13,535 नी, दोन्ही वेळा भाजप हरली पण दोन्ही वेळा दुपारी कोणीच छातीठोक काही सांगत नव्हतं. फोंडा तालुक्यात तर अजून गंमत, प्रियोळ मतदारसंघ उत्तर गोव्यात आणि बाकीचे तीन दक्षिणेत, त्यामुळे मंगेशी-म्हार्दोळचा माणूस एका जागेसाठी जागतो आणि फोंडा शहरातला त्याचा भाऊ दुसऱ्या.

बसण्याच्या रीती

आघाडी वाढत असताना जो जिथे बसलाय त्यानं तिथून उठायचं नाही. हे सगळे पाळतात, शिकलेले पण. आघाडी कमी व्हायला लागली की कोणीतरी न सांगता उठून चहा ठेवतो. जेवण म्हणजे पातळ भाजी आणि पाव, मिरची भजी, मेमध्ये असेल तर फणसाचे गरे. मोजणीच्या दिवशी ड्राय डे असतो, त्यामुळे जे काही असतं ते चहावर. गल्फमध्ये असलेला किंवा जहाजावरचा गावातला तारवटी रेंज मिळेल तेव्हा फोन करतो आणि पहिला प्रश्न कितें जालें रे, घरच्यांची चौकशी नंतर.

शेजारी दुसऱ्या पक्षाचा असतोच. त्याच्या दारासमोर फटाके लावायचे नाहीत, मिरवणूक त्याच्या घराजवळ आली की ढोल हळू करायचा. हे आता कमी होत चाललंय आणि मला त्याचं खूप वाईट वाटतं, कारण दुसऱ्या दिवशी त्याच माणसाबरोबर देवळात आरतीला उभं राहायचं असतं.

बायकांबद्दलही लिहायला हवं. जुन्या काळच्या सगळ्या आठवणींत बायका आत चहा करताना दिसतात. माझी आई स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून आकडे तोंडपाठ करायची आणि बाबांची वहीत चूक झाली की आतून सांगायची, अमक्या जागेचं तू दोनदा लिहिलंस, आणि दर वेळी तिचंच बरोबर निघायचं, तरी तिला बाहेर खुर्ची कोणी दिली नाही. आता महिला मंडळाच्या बायका बूथ एजंट असतात, पुढच्या ओळीत बसतात, सतरा सीच्या याद्या त्याच करतात. हे फार आधी व्हायला हवं होतं.

मोबाइलनं मात्र घात केलाय. प्रत्येकाच्या हातात वेगळा चॅनल, वेगळा आकडा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे तर कुठून येतात देव जाणे. एका वर्षी एका चॅनलनं आमच्या उमेदवाराच्या आघाडीला एक शून्य जास्त दाखवलं, पोरांनी माळ लावली, आणि दहा मिनिटांत तो आकडा खाली आला, तो शुकशुकाट मी विसरणार नाही. तेव्हापासून आमच्याकडे एकच जण निवडणूक आयोगाची साइट उघडून बसतो आणि तोच वाचतो, बाकीच्यांनी ऐकायचं.

4 जून 2024

या रात्री आमच्या बलकांवात पहिल्यांदा दोन गट बसले होते. उत्तरेत भाजपचे श्रीपाद नाईक 1999 पासून सलग सहाव्यांदा उभे, मगो भाजपबरोबर, आणि समोर काँग्रेसकडून तेच रमाकांत खलप ज्यांच्यासाठी 1996 ला याच बलकांवात पेढे वाटले होते. म्हातारे कार्यकर्ते गप्प होते. एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, मत मी पक्षालाच दिलं पण आज मला आकडा ऐकवत नाही. नाईक 1,16,015 मतांनी आले, टाळ्या वाजल्या, आणि त्या टाळ्यांत ते काका नव्हते, ते फाटकाजवळ जाऊन उभे होते.

मग सगळे देशाकडे वळले. भाजप 240 वर अडकलेली, एनडीए 293, काँग्रेस 99, कोणा एका पक्षाला बहुमत नाही अशी बेरीज 2009 नंतर परत वाचायला मिळत होती आणि जुन्यांना एकदम तरतरी आली, कोण कोणाबरोबर जाईल यावर वाद सुरू झाले. महाराष्ट्राच्या पानावर मुंबई वायव्यला रवींद्र वायकर 48 मतांनी, हा आकडा वाचणाऱ्याला तीनदा वाचायला लावला. बाबा आता नाहीत, वही मी लिहितो, पेन्सिल आणि शाई त्यांच्याच पद्धतीनं. रात्री उशिरा महाराष्ट्राच्या पानावर एकच चौकट पेन्सिलीत राहिली होती, बीड. तिथे मोजणी लांबत गेली, इथे माणसं एकेक करत भिंतीला टेकली, आई आतून दोनदा विचारून गेली बीडचं झालं का. फाटकाजवळचे काका परत येऊन माझ्या शेजारी बसले होते. बजरंग सोनवणे 6,553, पंकजा मुंडे पडल्या, असं त्यांनीच मोबाइलवरून वाचलं, मी शाईनं लिहिलं, आणि बाहेर पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजला तेव्हा ते पाव घ्यायला उठले.