तैलरंग हवेतून काय घेतात?

तैलरंग जलरंगाप्रमाणेच, आतील द्रव उडून गेल्यामुळे वाळतात, असा समज चित्रकलेच्या विद्यार्थ्यांमध्येही आढळतो. पातळ करण्यासाठी घातलेले टर्पेंटाइन खरोखर उडून जाते; परंतु रंगद्रव्याला धरून ठेवणारे जवसाचे तेल कॅनव्हासवरच राहते. इतकेच नव्हे, तर ते हवेतील ऑक्सिजन शोषते आणि वाळू लागलेल्या थराचे वजन सुरुवातीला चक्क वाढते.

जवसाच्या तेलातील मेदाम्लांपैकी साधारण निम्मे लिनोलेनिक आम्ल असते. त्याच्या १८ कार्बनच्या साखळीत ३ दुहेरी बंध असतात आणि दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज निघतो. तो निघताच तेथे एकटा इलेक्ट्रॉन उरतो, म्हणजेच मुक्त मूलक तयार होतो. त्याला ऑक्सिजनचा रेणू जोडला जातो आणि हा नवा मूलक शेजारच्या साखळीतला हायड्रोजन ओढून घेऊन स्वतः हायड्रोपेरॉक्साइड बनतो. शेजारची साखळी आता मूलक झालेली असते, त्यामुळे प्रक्रिया पुढे चालू राहते. हायड्रोपेरॉक्साइडे फुटून आणखी मूलक निर्माण होतात, साखळ्या परस्परांशी जोडल्या जातात आणि पातळ तेलाचे घन जाळे बनते. कोबाल्ट व मँगनीज हे धातू हायड्रोपेरॉक्साइडे फोडण्यास मदत करतात. अंबर या मातीरंगात मँगनीज असल्यामुळेच तो लवकर वाळतो. खोबरेलात दुहेरी बंध फारच थोडे असल्याने ते कधीच असे वाळणार नाही. या अभिक्रियेत उष्णता निर्माण होते, म्हणून जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. अशा चिंध्या पाण्यात बुडवून धातूच्या झाकणबंद डब्यात ठेवाव्यात.

ऑक्सिजन वरून आत शिरतो, त्यामुळे वर साय धरली तरी आतला रंग मऊच असतो. म्हणून खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे अधिक तेलाचे ठेवण्याचा नियम आहे. अधिक तेलाचा थर सावकाश वाळतो, पण लवचिक राहतो. हा क्रम उलटला, तर खालच्या थराची हालचाल वरच्या ताठ थराला सोसत नाही आणि तो तडकतो.

जुन्या चित्रकारांच्या ‘गुप्त मिश्रणां’विषयीच्या दाव्यांवर मात्र विश्वास ठेवू नये. लंडनमध्ये १७९७ च्या सुमारास प्रोव्हिस नावाच्या पितापुत्रीने सोळाव्या शतकातील व्हेनिसचा चित्रकार टिशियन याचे रंगमिश्रण म्हणून एक बनावट कृती रॉयल अकादमी या कलासंस्थेच्या चित्रकारांना विकली आणि अकादमीचे अध्यक्ष बेंजामिन वेस्टही तिला भुलले.

बोटाला रंग लागत नाही एवढ्यावरून चित्र वाळले असे समजून अंतिम व्हार्निश लावण्याची घाई करू नये. पातळ थरांसाठीही सहा महिने ते वर्षभर थांबण्याचा प्रघात आहे. जाड थरांना त्याहूनही अधिक काळ लागतो.