न्यूरॉन-विशिष्ट एनोलेज

चेतापेशींत आणि चेता-अंतःस्रावी (चेतापेशींसारख्या, संप्रेरके स्रवणाऱ्या) पेशींत विपुल आढळणारे विकर (एन्झाइम). प्रयोगशाळेच्या अहवालात ते ‘एनएसई’ या नावाने येते. ग्लुकोजच्या विघटनातील दहा टप्प्यांपैकी नवव्या टप्प्यावर एनोलेज २-फॉस्फोग्लिसरेट या मधल्या पदार्थातून पाण्याचा रेणू काढून घेते. त्यासाठी त्याला मॅग्नेशियम लागते. फ्ल्युओराइडने ते बंद पडते, म्हणूनच साखर तपासण्यासाठीचे रक्त फ्ल्युओराइड घातलेल्या, करड्या बुचाच्या नळीत घेतात.

एनोलेजचा रेणू दोन उपघटकांचा असतो. अल्फा उपघटक बहुतेक ऊतींत, बीटा स्नायूंत आणि गॅमा मुख्यतः चेतापेशींत असतो. ज्या जोडीत निदान एक गॅमा आहे, ती एनएसई. मूर व मॅकग्रेगर यांनी १९६५ मध्ये गाईच्या मेंदूतून ‘१४-३-२’ नावाचे प्रथिन वेगळे केले. ते एनोलेज असल्याचे पुढे कळले. नावातील ‘विशिष्ट’ हे विशेषण मात्र फारसे खरे ठरलेले नाही. रक्तातील तांबड्या पेशींत व बिंबिकांतही (प्लेटलेट्स) हे विकर असते, आणि ऊतींच्या रंजन-तपासणीत ते इतक्या ठिकाणी उमटते की विकृतिशास्त्रज्ञ त्याला गमतीने ‘अविशिष्ट’ म्हणतात.

फुफ्फुसाच्या लघुपेशी कर्करोगात आणि लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमात (अपक्व चेतापेशींच्या कर्करोगात) रक्तातील एनएसई वाढते. ते उपचारांचा परिणाम जोखण्यास उपयोगी पडते. निरोगी माणसांच्या चाळणीसाठी नव्हे.

हृदयक्रिया बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या, पण शुद्धीवर न आलेल्या रुग्णाच्या मेंदूची हानी अजमावण्यासाठीही ही तपासणी करतात. २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ४८ किंवा ७२ तासांनी लिटरमागे ६० मायक्रोग्रॅमहून अधिक पातळी प्रतिकूल लक्षण मानली जाते, मात्र डोळ्याच्या बाहुलीची प्रकाशाला प्रतिक्रिया, मेंदूचा विद्युत-आलेख व प्रतिमाचित्रण यांच्या जोडीनेच. रक्तातील एनएसई साधारण एका दिवसात निम्मे होते; त्यामुळे उतरण्याऐवजी चढत जाणारे आकडे एकाच मोठ्या आकड्यापेक्षा अधिक बोलके असतात.

या तपासणीत खरी खबरदारी लागते ती रक्त घेताना. बारीक सुईतून जोराने ओढलेल्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, वर सुटलेला रक्तरस गुलाबी दिसतो आणि आकडा खोटाच फुगतो. असा नमुना बाद करून नवा मागवणेच योग्य. कृत्रिम रक्ताभिसरण यंत्रावरील रुग्णात तर पेशी शरीरातच फुटत असतात, आणि रक्तरसाला गुलाबी करणारे मोकळे हिमोग्लोबिन काही तासांत नाहीसे झाले तरी विकर मागे उरते, म्हणजे रक्तरस स्वच्छ दिसूनही आकडा फसवा असू शकतो.