अंगणवाडीला पिवळं रेशनकार्ड लागत नाही

पुण्यात जनता वसाहतीपासून येरवड्यापर्यंत एक समज पक्का आहे: अंगणवाडीत मूल घालायचं तर पिवळं रेशनकार्ड नाहीतर उत्पन्नाचा दाखला हवा. हे खरं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच सांगितलं, की अंगणवाडीच्या योजनेसाठी दारिद्र्यरेषेची अट लावता येणार नाही. अन्नसुरक्षा कायदा, 2013 नुसार सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आहार मोफत आहे. त्यात केशरी, पांढरं असा भेद नाही. तीन वर्षांपुढच्या मुलांना नाश्ता आणि गरम जेवण मिळायला हवं, शिवाय पूर्वशालेय शिक्षणही.

घोळ बहुधा आरटीईमुळे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यामुळे झाला असावा. खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांसाठी आर्थिक दुर्बल गटाला एक लाखाच्या आतला उत्पन्न दाखला खरंच लागतो. पण ते प्रवेश वेगळे, अंगणवाडी वेगळी.

बाळाचं आधार नसेल तर आईचं चालतं. बांधकामावर आलेल्या, भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांची मुलंही हक्कदार आहेत. नेमकी तीच कागदांच्या धास्तीने घरी राहतात, याचं फार वाईट वाटतं. सेविकाताईंना थेट भेटा. नाव घ्यायला नकार मिळालाच तर पर्यवेक्षिकेकडे किंवा बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या.