डेंग्यू की चिकुनगुन्या? ताप उतरल्यावर बघा

पाऊस ओसरायला लागला की घराघरांत तोच हिशोब सुरू होतो: प्लेटलेट घसरल्या म्हणजे डेंग्यू, सांधे धरले म्हणजे चिकुनगुन्या. हा हिशोब कच्चा आहे. चिकुनगुन्यातही प्लेटलेट थोड्याफार खाली येतात आणि डेंग्यूतही अंग मोडून निघतं.

दोन्ही पसरवणारा डास एकच, एडिस, दिवसा चावणारा, कुंडीखालच्या ताटलीत आणि कूलरच्या पाण्यात वाढणारा. दोन्हींत ताप अचानक फणफणतो, पुरळही दोन्हींत उठतं. पुरळाचे फोटो ताडून निदान करत बसू नका, त्यातून काही निघत नाही.

दुखण्यात मात्र फरक आहे. डेंग्यूत डोळ्यांच्या मागे, कंबरेत, स्नायूंत ठणकतं. चिकुनगुन्या मनगटं, बोटं, घोटे पकडतो, बऱ्याचदा दोन्ही बाजूंचे, आणि सांधे सुजतात. सकाळी तांब्या धरवत नाही, खाटेवरून उतरताना पाय टेकवत नाही.

पण लोकांची खरी गफलत होते ती ताप उतरल्यावर. चिकुनगुन्यात ताप गेला की धोका बहुतेक टळलेला असतो. मागे उरतात ते सांधे, कधी काही आठवडे तर कधी कित्येक महिने. डेंग्यूत नेमकं उलट. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरचे म्हणतात 'सुटलो', आणि पुढचे २४ ते ४८ तास सगळ्यात जोखमीचे असतात. या काळात काही रुग्णांच्या बारीक रक्तवाहिन्या माठासारख्या पाझरायला लागतात. रक्तातला पातळ भाग बाहेर, पोटात आणि छातीच्या पोकळीत, जातो. उरलेलं रक्त दाट होतं, रक्तदाब कोसळू शकतो. अंगाला हात लावला तर ताप नसतो, पण हातपाय गार पडलेले असतात.

म्हणून रिपोर्ट आला की सगळे प्लेटलेटच्या ओळीवर तुटून पडतात, याचा मला मनापासून राग येतो. त्याच कागदावर एचसीटी किंवा पीसीव्ही नावाची ओळ असते, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, ती वाचा. आधी ४० असलेला आकडा ४८ वर गेला असेल, तर रक्त दाट होतंय. त्या वेळी रुग्णाला वाचवतं ते वेळेवर आणि मोजून दिलेलं सलाईन. रक्तस्राव नसताना नुसता आकडा घसरला म्हणून प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी गावभर धावाधाव करायची सहसा गरज नसते. पपईच्या पानांच्या रसाच्या भरवशावर तर हे दोन दिवस अजिबात घालवू नका. पोटात जोरात दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, गुंगी किंवा अस्वस्थपणा, यातलं काहीही दिसलं तर ताप नसला तरी थेट दवाखाना गाठा.

चिकुनगुन्या हा काही परवाचा पाहुणा नाही. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ आली होती. मग तीसेक वर्षं त्याचं फारसं नाव निघालं नाही आणि २००५-०६ मध्ये तो महाराष्ट्रासह अनेक राज्यांत परतला. म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं यांना तो जड जाऊ शकतो, तेव्हा त्यांचा ताप अंगावर काढू नये.

तपासणीचंही वेळापत्रक असतं. डेंग्यूची एनएस-१, म्हणजे विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी, पहिल्या पाच दिवसांत करायची; आयजीएम, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी, त्यानंतर. दुसऱ्याच दिवशी आयजीएम करून 'निगेटिव्ह आली, डेंग्यू नाही' म्हणणं चूक. एकाच माणसाला दोन्ही आजार एकदम होऊ शकतात, हेही विसरू नका.

आणि निदान होईपर्यंत गोळी एकच, पॅरासिटामॉल, तीही वजनाच्या आणि वयाच्या मापात. सांधे कितीही ठणकले तरी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन घ्यायचं नाही. डेंग्यू निघाला तर त्यांनी रक्तस्राव वाढतो. हृदयासाठी रोजची ॲस्पिरिन चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. मेडिकलवाल्याने 'अंगदुखीची' म्हणून पुडीत बांधून दिलेल्या गोळीचं नाव आधी वाचा.