कॅसचा प्रस्ताव: करारानंतर नियम कुठे बदलतो, पात्रता कशी मोजायची, कागद कोणते लागतात

प्राध्यापक संघटनेची मंत्रालयात बैठक झाली, मागण्या मान्य झाल्याची बातमी आली, की दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये विषय एकच असतो: आता प्लेसमेंटचं, म्हणजे कॅसखालच्या (करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम) पदोन्नतीचं काय? कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातल्या महाविद्यालयांत, म्हणजे शिवाजी विद्यापीठाच्या परिक्षेत्रात, हा प्रश्न 'सुटा'च्या (शिवाजी विद्यापीठ शिक्षक संघ) कार्यकर्त्यांना किती वेळा विचारला जातो याची गणती नाही. उत्तर मात्र दरवेळी तेच. बैठकीतलं आश्वासन हा नियम नव्हे, बैठकीचं इतिवृत्त हाही नियम नव्हे. शासन निर्णय निघतो, त्यावर विद्यापीठाचं परिपत्रक येतं, तेव्हाच सहसंचालक कार्यालयातला माणूस तुमच्या फाईलवर काही करू शकतो. तोवर जुना नियम लागू असतो आणि तुमची ड्यू डेट (पात्रतेची तारीख) मात्र कोणासाठी थांबत नाही.

याचा अनुभव महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांना भरपूर आहे. ४ फेब्रुवारी ते १० मे २०१३ या काळात एमफुक्टोच्या (राज्यातल्या प्राध्यापक संघटनांचा महासंघ) हाकेवर परीक्षेच्या कामावर बहिष्कार होता. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात लागलेल्या बिगर नेट-सेट (या पात्रता परीक्षा न झालेल्या) शिक्षकांचा प्रश्न त्यात मुख्य होता. त्यानंतर २७ जून २०१३ चा शासन निर्णय आला. त्याने सेवा नियमित धरल्या, पण त्या निर्णयाच्या तारखेपासून. 'सेवा नियमित' एवढंच ऐकून खूश झालेल्यांना 'कधीपासून' हा शब्द नंतर कळला, आणि मामला न्यायालयात गेला. सातव्या वेतन आयोगासाठी सप्टेंबर २०१८ मध्ये पुन्हा कामबंद झालं, प्रत्यक्ष शासन निर्णय निघाला ८ मार्च २०१९ ला. आज कॅसची जी प्रक्रिया चालते ती या शासन निर्णयावर आणि त्यामागे असलेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १८ जुलै २०१८ च्या विनियमावर. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या विनियमाचा मसुदा हरकतींसाठी खुला केला होता. मसुद्यावर प्रस्ताव करायचा नसतो, हे सांगायला नको, तरी सांगतो.

पात्रता: वर्षं कशी मोजायची

सहायक प्राध्यापक वेतनाच्या लेव्हल १० ला लागतो, मूळ वेतन ५७,७००. लेव्हल ११ ला, म्हणजे ६८,९०० च्या टप्प्यावर जायला पीएचडी असेल तर चार वर्षं, एमफिल किंवा एलएलएम, एमटेकसारखी व्यावसायिक पदव्युत्तर पदवी असेल तर पाच, यातलं काही नसेल तर सहा वर्षं सेवा लागते. पुढे लेव्हल १२ साठी ११ मध्ये पाच वर्षं. तिथून १३ अ म्हणजे सहयोगी प्राध्यापक व्हायला तीन वर्षं आणि पीएचडी हवीच. १३ अ मधून प्राध्यापक, लेव्हल १४, आणखी तीन वर्षं.

सगळ्यात जास्त गफलत पहिल्या टप्प्यावर होते. समजा गारगोटीच्या महाविद्यालयात एखादे सर १५ जून २०१९ ला नेटच्या पात्रतेवर रुजू झाले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांची पीएचडीची अधिसूचना निघाली. चार वर्षं जून २०२३ मध्येच भरली होती, पदवी नव्हती. पदवी मिळाली त्या दिवशी दोन्ही अटी पूर्ण झाल्या, म्हणजे ड्यू डेट फेब्रुवारी २०२४ ची. 'सहा वर्षं होऊ देत, मग बघू' म्हणून जून २०२५ ची वाट बघत बसायचं कारण नाही. पुढच्या प्रत्येक टप्प्याची तारीख या पहिल्या तारखेवर उभी असते, तेव्हा इथे गेलेलं सव्वा वर्ष निवृत्तीपर्यंत मागे लागतं.

आधीची सेवा धरायची का? तासिका तत्त्वावरची वर्षं धरली जात नाहीत, कितीही झाली तरी. अतिथी व्याख्याता म्हणूनही नाही. तात्पुरती किंवा कंत्राटी सेवा धरता येते, पण नेमणूक रीतसर निवड समितीतून झालेली, पात्रता त्या पदाला लागणारी आणि एकूण पगार नियमित शिक्षकाच्या पगारापेक्षा कमी नसलेला असेल तरच. सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) दहा-दहा वर्षं काढलेल्या माणसाला हे वाचून वाईट वाटेल. ते वाटण्यासारखंच आहे. पण प्रस्तावात ती वर्षं घातली तर ती तर धरली जात नाहीतच, वर त्रुटी म्हणून फाईल परत येते.

कोर्सेस

महाविद्यालयातल्या शिक्षकाला १० वरून ११ साठी २१ दिवसांचं ओरिएंटेशन आणि त्याशिवाय एक रिफ्रेशर किंवा संशोधन पद्धतीचा कोर्स लागतो. रिफ्रेशरऐवजी किमान आठवडाभराच्या कार्यशाळा, एफडीपी (शिक्षक विकास कार्यक्रम), ई-प्रमाणपत्र असलेला मूक्स (ऑनलाइन कोर्स) किंवा ई-कंटेंट (ऑनलाइन अध्यापन साहित्य) यातल्या दोन गोष्टी चालतात. विद्यापीठाच्या विभागात असाल तर यावर एक शोधनिबंधही. ११ ते १२ मध्ये असे दोन कार्यक्रम लागतात, १२ ते १३ अ मध्ये एक. आता हे कोर्सेस मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रांतून होतात. कोर्स ज्या टप्प्यासाठी दाखवायचा त्याच टप्प्याच्या काळात झालेला हवा. एकच प्रमाणपत्र दोन टप्प्यांना लावलेलं समितीच्या लगेच लक्षात येतं.

वार्षिक मूल्यमापन, जिथे खरं काम आहे

जुन्या एपीआयच्या (शैक्षणिक कामगिरीचा निर्देशांक) गुणांची बेरीज-वजाबाकी २०१८ च्या विनियमाने वर्षाच्या मूल्यमापनातून काढली. आता दरवर्षी दोनच गोष्टी बघतात. एक, नेमून दिलेल्या तासांपैकी किती घेतले. ८० टक्के किंवा जास्त म्हणजे 'चांगले', ७० ते ८० च्या आत 'समाधानकारक', ७० च्या खाली 'असमाधानकारक'. वर्षाला ४०० तास नेमलेले असतील तर ३२० पासून चांगले, २८० पासून समाधानकारक. प्रसूती, बालसंगोपन, वैद्यकीय, अध्ययन अशा पगारी रजेचा काळ या हिशेबातून वगळायचा असतो. हे अनेक महिला प्राध्यापकांना कोणी सांगत नाही आणि त्यांचं एक वर्ष नाहक लाल शेऱ्यात जातं.

दुसरी गोष्ट उपक्रमांची. प्रशासकीय जबाबदारी, परीक्षा आणि पेपर तपासणी, विद्यार्थ्यांचे उपक्रम (एनएसएस, एनसीसी, अभ्याससहली, क्रीडा, सांस्कृतिक), चर्चासत्रांचं आयोजन, पीएचडी मार्गदर्शन, संशोधन प्रकल्प, शोधनिबंध. यातल्या तीन प्रकारांत सहभाग असेल तर 'चांगले', एक-दोन असतील तर 'समाधानकारक', एकही नसेल तर मग काही खरं नाही. तास आणि उपक्रम दोन्हीकडे किमान 'समाधानकारक' असेल तरच ते वर्ष धरलं जातं.

बहुतेक शिक्षकांची कामं या यादीपेक्षा जास्तच असतात. अडचण पुराव्याची असते. २०१९ च्या महापुरात शिरोळ, चिखली, आंबेवाडीकडे एनएसएसची मुलं घेऊन गेलेले कितीतरी प्राध्यापक आहेत. प्राचार्यांचं आदेशपत्र किंवा कार्यक्रम अधिकाऱ्याचा अहवाल ज्यांनी जपला त्यांचं ते काम उपक्रमात धरलं जातं, फोटो व्हॉट्सॲपवर राहिले त्यांचं नाही. मध्यवर्ती मूल्यमापनाच्या कॅम्पला गेलात तर तिथलं उपस्थितीचं प्रमाणपत्र त्याच दिवशी मागून घ्या. वर्षभराने ते मिळवायला निघालात तर कॅम्पचे संचालक बदललेले असतात.

सगळी वर्षं चांगली असावीच लागतात असं नाही. पहिल्या टप्प्यावर चारपैकी तीन, पाचपैकी चार किंवा सहापैकी पाच. ११ वरून १२ ला पाचपैकी चार. १२ वरून १३ अ ला आणि पुढे तीनपैकी दोन.

प्राध्यापकपद आणि संशोधनाचे गुण

लेव्हल १४ साठी दहा शोधनिबंध, त्यातले तीन मूल्यमापनाच्या काळातले, आणि संशोधन गुण किमान ११०. विद्यापीठातल्या शिक्षकाला १३ अ साठीही ७० गुण आणि सात निबंध लागतात. निबंधाला विज्ञान शाखेत ८, भाषा, सामाजिक शास्त्रं, वाणिज्य यांत १० गुण, इम्पॅक्ट फॅक्टर असेल तर वाढीव. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. म्हणजे मराठी विभागातल्या मॅडमनी दहाही निबंध सहकाऱ्याबरोबर लिहिले तर हातात ७० गुण. उरलेले ४० पुस्तकं, पीएचडी मार्गदर्शन (पदवी मिळालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे १० गुण), प्रकल्प यातून आणायचे. एकूण गुण किमान तीन प्रकारांतून यावे लागतात. निमंत्रित व्याख्यानं आणि धोरणात्मक दस्तऐवज मिळून ३० टक्क्यांवर जाऊ शकत नाहीत, तेव्हा व्याख्यानांची प्रमाणपत्रं गोळा करत सुटू नये.

आयोगाने यूजीसी-केअर (मान्य नियतकालिकांची) यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. जुना निबंध यादी चालू असतानाचा असेल तर ते नियतकालिक त्या वेळी यादीत होतं याची प्रिंट आजच काढून ठेवा.

कागद आणि त्यांचा क्रम

अर्ज आयक्यूएसीमार्फत (महाविद्यालयाचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष) जातो. विहित नमुना भरून त्याला जोडायचं: नेमणूक आदेश, रुजू अहवाल, विद्यापीठाचं मान्यतापत्र, आधीच्या प्लेसमेंटचा आदेश आणि वेतननिश्चिती, नेट-सेट किंवा पीएचडीची अधिसूचना, पदव्युत्तर गुणपत्रक, जिथे लागू तिथे जात वैधता प्रमाणपत्र, कोर्सेसची प्रमाणपत्रं, वर्षनिहाय मूल्यमापन अहवाल आणि पुराव्यांचे जोड. सेवापुस्तकातल्या नोंदी आधी तपासा. नावातला फरक, विवाहानंतरचं नाव, जन्मतारखेची खाडाखोड, या गोष्टींवर फाईल अडते.

महाविद्यालयात ११ आणि १२ साठी छाननी समिती बसते: प्राचार्य, विभागप्रमुख आणि कुलगुरूंनी नेमलेले दोन विषयतज्ज्ञ. १३ अ आणि १४ साठी निवड समिती असते. शिफारस झाली की विद्यापीठाची मान्यता, मग विभागीय सहसंचालक, उच्च शिक्षण, कोल्हापूर यांच्याकडे वेतननिश्चिती, सेवापुस्तकात नोंद, सेवार्थमध्ये (शासनाची वेतन प्रणाली) बदल आणि शेवटी फरकाचं बिल. विनाअनुदानित तुकडीवर असाल तर पगाराचा हा शेवटचा टप्पा संस्थेकडे, आणि तिथली चिकाटी वेगळी लागते.

तारखेचा नियम नीट वाचा. मुदत पूर्ण होताच अर्ज केला आणि समितीने पहिल्याच खेपेस पात्र ठरवलं तर पदोन्नती पात्रतेच्या तारखेपासून, समिती उशिरा बसली तरी. अट नंतर पूर्ण झाली तर ती पूर्ण झाल्याच्या तारखेपासून. पहिल्या खेपेस नापास झालात तर पुन्हा मूल्यमापनासाठी एक वर्ष थांबावं लागतं, आणि मग पास झालात तर पदोन्नती नाकारल्याच्या तारखेनंतर एक वर्षाने धरली जाते. अर्धवट फाईल घाईने समितीपुढे नेण्यात म्हणूनच शहाणपणा नाही.

अर्जापासून सहा महिन्यांत प्रक्रिया पूर्ण करण्याची जबाबदारी विनियमाने महाविद्यालयावर आणि विद्यापीठावर टाकली आहे. ती अंगावर आणायची तर अर्जावर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली पोच हवी. प्राचार्यांच्या टेबलावर ठेवून आलेला अर्ज कागदोपत्री दिलेलाच नसतो. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलेल्यांनी तर रोज विचारणा करावी, कारण समिती बसते त्या दिवशी शिक्षक सेवेत असावा लागतो.