तीनशे आला कुठून? मोठ्या पोस्टरच्या फाइलमागची गोष्ट

चाळीस फूट बाय चाळीस फूट. मुंबईत होर्डिंगला परवानगी मिळते ती जास्तीत जास्त या मापाची. (१३ मे २०२४ रोजी घाटकोपरला कोसळून ज्याने १७ जणांचा जीव घेतला, ते होर्डिंग याच्या कितीतरी पुढचं होतं, पण तो वेगळा आणि संतापाचा विषय.) आता या चाळीस फुटांची फाइल '३०० डीपीआय'ला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, करायला घ्या. चाळीस फूट म्हणजे ४८० इंच, त्याला ३०० ने गुणलं की एका बाजूला १,४४,००० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके. दोन्ही बाजूंचा गुणाकार दोन हजार कोटींच्या वर जातो. छपाईच्या चार रंगांत ही फाइल साधारण ८३ जीबीची होते. जेपेग या नेहमीच्या फोटो-फाइलच्या प्रकारात ती सेव्हच होणार नाही, कारण जेपेगची एक बाजू ६५,५३५ पिक्सेलच्या पलीकडे जात नाही.

तरीही गिरगावातल्या गल्लीपासून लोअर परळच्या गाळ्यांपर्यंत, प्रिंटिंगच्या काउंटरवर पहिला प्रश्न तोच येतो: "फाइल तीनशेची आहे ना?" विचारणाऱ्याची चूक नाही. त्याला हा आकडा वारशात मिळालाय. वारसा कुणाकडून आला, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

सुरुवात दगडापासून करावी लागते. बव्हेरियात आलोइस सेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास शिळाछापाची रीत शोधली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्याच तत्त्वावर ती चालते. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग शाई फक्त खडूवर बसते. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांनी गिरगावात छापखाना काढला तेव्हा हेच तंत्र, पण रंगीत, मुंबईत मोठ्या प्रमाणावर आलं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. लक्ष्मीच्या एका चित्रासाठी दगडांची रांग लागायची आणि कागद प्रत्येक दगडाखालून त्याच जागी, केसभरही न सरकता जावा लागे. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला.

त्या काळात 'रेझोल्यूशन', म्हणजे इंचाला ठिपके किती, नावाची गोष्ट नव्हती. गालावरची छटा कारागीर हाताने ठिपके देऊन उठवायचा. ठिपका किती बारीक, हे त्याच्या डोळ्यावर आणि मनगटावर ठरायचं. चित्र मोठं करायचं झालं तर माणूसच ते पुन्हा मोठं काढायचा. त्यामुळे चित्र 'फाटण्या'चा, म्हणजे मोठं करताना ते धूसर, ठिपकेदार होण्याचा, प्रश्नच नव्हता.

ठिपका यंत्राच्या हाती गेला तो हाफटोनमुळे. फोटोग्राफ सलग छटांचा असतो, पण छपाईचं यंत्र शाई देतं किंवा देत नाही, अर्धवट काही त्याला जमत नाही. म्हणून फोटोसमोर बारीक रेघांची जाळी धरायची आणि त्या जाळीतून फोटोचे लहानमोठे ठिपके करायचे. गडद जागी मोठा ठिपका, उजळ जागी बारीक. ही विद्या आपल्याकडे रुजवणाऱ्यांत एक नाव असं आहे, जे आपण वेगळ्याच कारणासाठी घेतो: धुंडिराज गोविंद फाळके. १९०८ मध्ये त्यांनी लोणावळ्याला छापखाना आणि ब्लॉक, म्हणजे चित्र छापायचे धातूचे ठसे, करण्याचा कारखाना काढला. रविवर्मा प्रेससाठी ते काम करायचे. व्याप वाढल्यावर कारखाना दादरला आला आणि 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' झाला. रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते १९०९ मध्ये जर्मनीला गेले. चार वर्षांनी, १९१३ मध्ये, गिरगावात 'राजा हरिश्चंद्र' लागला. भारतीय सिनेमाचा जनक आधी ठिपक्यांचा माणूस होता, याचं मला कायम कौतुक वाटत आलंय.

आणि त्या जाळीतच तीनशेचं मूळ आहे. जाळीची बारकाई इंचाला किती रेघा यावर मोजतात. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदावर शाई पसरते, म्हणून तिथे जाळी जाड: ६५ ते ८५ रेघा. गुळगुळीत मासिकाला १३३, १५०, कधी १७५. फोटो संगणकात आल्यावर प्रश्न पडला, की इंचाला १५० रेघांच्या जाळीला पिक्सेल किती पुरवायचे? रेघेमागे दोन दिले की ठिपका नीट घडतो, असा अंगठ्याचा नियम बसला. १५० दुणे ३००. बस, एवढंच. तीनशे हा मासिकाच्या गुळगुळीत कागदाचा आकडा आहे.

योगायोग असा, की डोळ्याचं गणितही तिथेच येतं. चांगली नजर एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक ओळखते. मासिक फूटभर अंतरावर धरलं, तर हा फरक इंचाला २८६ ठिपक्यांपाशी संपतो. अंतर दुप्पट झालं की गरज निम्मी. म्हणून ढोबळ हिशेब सोपा आहे: तीनशेला फुटांतल्या अंतराने भागा. तीन फुटांवरून पाहायच्या पोस्टरला १००. दहा फुटांवरून ३०. समोरच्या फलाटावरून, समजा पंचवीस फुटांवरून, वाचायच्या जाहिरातीला १२. तीस फुटांच्या पुढे दहाही चैन आहे.

हे गणित न मांडता ज्यांनी जगून दाखवलं ते बॅनर रंगवणारे पेंटर. १९३० च्या दशकात मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाचे बॅनर रंगवून पोट भरत होते, हे सर्वांना माहीत आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः करत, आणि त्याच कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी मुंबईत सिनेमाचे अजस्र बॅनर रंगवले. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९३५ मध्ये जाहिरातकलेचा वर्ग सुरू झाला, पण या धंद्यातले बहुतेक लोक तिथे गेले नव्हते; ते उस्तादाच्या हाताखाली डबे धूत शिकले.

रीत अशी. नटीचा पोस्टकार्डाएवढा फोटो घ्यायचा, त्यावर पेन्सिलने चौकटी आखायच्या. कापडावर तेवढ्याच चौकटी, पण फूट-फूटभराच्या. मग एकेक चौकट उतरवायची. शिडीवर उभ्या पेंटरला चेहरा दिसत नसतो, दिसते ती नाकपुडी. तीही हातभर लांब. म्हणून तो मधूनमधून उतरायचा, रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जायचा, डोळे बारीक करून पाहायचा आणि परत यायचा. ते बॅनर जवळून पाहिले तर गालावर निळा फराटा, हनुवटीखाली हिरवा, कपाळावर सपाट गुलाबी. रस्त्यापलीकडून तेच अंग धरायचं आणि नटी हसायची. सत्तरच्या दशकात दिवाकर करकरे यांनी पोस्टरवर ब्रशऐवजी पॅलेट नाइफचे, म्हणजे रंग कालवायच्या सुरीचे, जाड फटकारे आणले, तेही याच भरवशावर, की बघणारा लांब आहे आणि उरलेलं चित्र त्याचा डोळाच पुरं करतो. कमी माहितीत मोठं चित्र कसं उभं करायचं, हे या लोकांना आपल्या आजच्या ऑपरेटरपेक्षा जास्त कळत होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग संगणक आला आणि त्याच्याबरोबर दोन आकडे आले, ज्यांनी आजतागायत गोंधळ घातलाय. १९८४ च्या ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावर इंचाला ७२ ठिपके होते. हे मुद्दाम होतं, कारण छपाईत अक्षरांचं माप पॉइंटमध्ये असतं आणि इंचाला ७२ पॉइंट. पडद्यावर दिसेल तेवढंच कागदावर यावं. पुढच्याच वर्षी ॲपलचा लेझरप्रिंटर आला, तो इंचाला ३०० ठिपक्यांचा. ७२ म्हणजे 'पडद्याचं', ३०० म्हणजे 'छपाईचं', हे समीकरण तेव्हापासून डोक्यात घट्ट बसलं. आज बहुतेक पडदे ७२ चे नाहीत, पण समीकरण हटायला तयार नाही.

१९९० मध्ये फोटोशॉप आलं. त्यानंतरच्या दशकात मुंबईत मोठ्या पोस्टरचं काम म्हणजे ट्रान्सपरन्सी, म्हणजे फोटोची पारदर्शक रंगीत फिल्म, घेऊन ती संगणकात उतरवून देणाऱ्या ड्रम स्कॅनवाल्याकडे जायचं. स्कॅनचे पैसे एमबीवर. त्यामुळे 'किती मोठी फाइल हवी' हा प्रश्न थेट खिशाला लागायचा आणि लोक विचार करून उत्तर द्यायचे. फाइल १०० एमबीच्या झिप डिस्कवर, नंतर सीडीवर, लोकलमधून प्रेसला. मग चार रंगांच्या फिल्म, त्यावरून प्लेट. एक डिस्क वाचली नाही की दिवस गेला.

हा शहाणपणा फ्लेक्सने घालवला. सॉल्व्हंट शाईची मोठी मशीन नव्वदच्या दशकातच जगात आली होती, पण चिनी मशीन स्वस्त झाली तसा २००० नंतर फ्लेक्स मुंबईच्या गल्लीबोळात शिरला. चौरस फुटाचा भाव, संध्याकाळी फाइल दिली की सकाळी बॅनर. बॅनर पेंटरांचं काम काही वर्षांतच संपलं. वाढदिवसाच्या शुभेच्छा, भावी नगरसेवक, मंडळाची वर्गणी, श्रद्धांजली, सगळं फ्लेक्सवर. मशीनवर लिहिलेलं असायचं ७२० किंवा १४४० डीपीआय, आणि लोकांना वाटलं फोटोही तेवढा हवा. मशीनचा तो आकडा शाईच्या थेंबांचा असतो. फोटोतला एक पिक्सेल रंगवायला असे कित्येक थेंब लागतात. दोन्हींना 'डीपीआय' म्हणण्याची खोड मात्र पक्की झाली.

मीही यात सापडलो आहे. आमच्या मंडळाच्या पोस्टरसाठी इंटरनेटवरून उचललेल्या मूर्तीच्या फोटोचा ७२ चा आकडा खोडून मी ३०० टाकला आणि फाइल फुगलेली पाहून खूश झालो. पोस्टर लागलं तेव्हा गणपतीच्या डोळ्यांवर जणू मोतीबिंदू. संगणकाने शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढून मधली जागा भरली होती, नवा तपशील कुठून येणार? आता हेच काम एआय करतं. २०२१ मध्ये ॲडोबीने 'सुपर रेझोल्यूशन' आणलं, फोटोची लांबी-रुंदी दुप्पट. ते मूर्तीच्या दागिन्यांना झकास चालतं. पण आजोबांच्या जुन्या फोटोवर तसली साधनं जोरात चालवली, की नाक-डोळे रेखीव येतात आणि आजोबा दुसऱ्याच कुणाचे तरी दिसायला लागतात. श्रद्धांजलीच्या बॅनरवर मला धूसर पण खरे आजोबा चालतील.

आजच्या फ्लेक्सच्या दुकानात जे खरंच बिघडवतं ते वेगळंच आहे. पहिलं व्हॉट्सॲप. तिथून साधा पाठवलेला फोटो आक्रसून साधारण १६०० पिक्सेलचा होतो. ४० इंचांच्या पोस्टरला ते इंचाला ४० पडतात. सात-आठ फुटांवरून ठीक, पण जिन्यात, नाट्यगृहाच्या दारात, तिकीट खिडकीशेजारी लावलं की उघडं पडतं. म्हणून ऑपरेटर सांगतो, "दादा, डॉक्युमेंट करून पाठवा." तसा पाठवला की फोटो आक्रसत नाही. दुसरं अक्षरं. नाव आणि घोषणा फोटोत विरघळवायची नाही, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी ठेवायची, म्हणजे ती कितीही मोठी झाली तरी कडा धारदार राहतात. आणि देण्याआधी 'कर्व्ह' करायची, म्हणजे फॉन्टची गरज न उरता अक्षरांच्या नुसत्या आकृती होतात. आपले जुने मराठी फॉन्ट समोरच्या मशीनवर नसले की जोडाक्षरं फुटतात आणि 'हार्दिक'चा रफार भलत्याच डोक्यावर बसतो. तिसरा भगवा. पडद्यावर तो पेटलेला दिसतो, चार शायांत उतरला की विटकरी होतो. यावरून दुकानात जेवढी भांडणं होतात तेवढी डीपीआयवरून होत नाहीत. निवडणुकीच्या दिवसांत तर नाहीच नाही.

मापाची सोय जुनीच चालते: चाळीस फुटांचं काम दहापटीने लहान, चार फुटांवर, १०० च्या फाइलने करायचं. छापताना ते इंचाला दहा होतं. एका बाजूला ४,८०० पिक्सेल, चार रंगांत ९२ एमबी. हे सुमारे दोन कोटी तीस लाख पिक्सेल आजच्या बऱ्या फोनच्या कॅमेऱ्यातही निघतात. पेंटरच्या चौकटीसारखाच हा हिशेब.

आता मुंबईत मोक्याच्या जागी एलईडीचे पडदे येऊ लागलेत. त्यांचा एक प्रचलित प्रकार पी-टेन: दोन ठिपक्यांमध्ये दहा मिलिमीटर. म्हणजे इंचाला अडीच. चाळीस फुटांच्या अशा पडद्यावर एका बाजूला सुमारे १,२२० ठिपके बसतात, सगळे मिळून पंधरा लाखांच्या आसपास. द्रुतगती मार्गावर ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कुणीही 'चित्र फाटलंय' म्हणून तक्रार केलेली मी ऐकलेली नाही. गेल्या महिन्यात अशाच एका पडद्यासाठी जाहिरात करणाऱ्या मित्राला मेल आली. सूचनांच्या यादीत पहिलं कलम होतं: फाइल ३०० डीपीआयची असावी.