छाटणीचे पैसे वेगळे, गारपिटीचे वेगळे

आमच्या घरात बरीच वर्षं ‘बाजूला टाकलेले पैसे’ म्हणून एकच रक्कम होती. वेगळं सेव्हिंग अकाउंट, त्यात साधारण 1 लाख 10 हजार, आणि कोणी विचारलं इमर्जन्सी फंड आहे का तर मी छाती काढून सांगायचो, आहे ना. मग जून आला. दोन्ही पोरांची फी, वह्यापुस्तकं, रिक्षावाल्या काकांचा अ‍ॅडव्हान्स असे 54 हजार त्यातून गेले, त्याच महिन्यात हेल्थ पॉलिसीचं रिन्यूअल 22 हजार, आणि जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात आई अंगणातल्या शेवाळावरून घसरली. खुब्याचं हाड. अकाउंटला 34 हजार.

पॉलिसी होती म्हणून ऑपरेशनचं मोठं बिल निघालं, पण वॉकर, कमोडची खुर्ची, घरी येणारा फिजिओ, दोन महिने आईजवळ ठेवलेल्या मावशी, हे कुठल्या पॉलिसीत बसतंय? शेवटी बायकोच्या दोन बांगड्या गोल्ड लोनला गेल्या.

सासरे निफाडकडचे, द्राक्षवाले. आईला बघायला आले होते, तेव्हा मी त्यांना म्हटलं, आबा काय सांगू, यंदा एकामागून एक संकटंच, आधी शाळा, मग पॉलिसी, मग हे. ते शांतपणे चहा पीत म्हणाले, “जावईबापू, छाटणीला कोणी संकट म्हणतं का?”

तेव्हा जरा राग आला, खोटं कशाला बोलू, पण मुद्दा एकदम बरोबर होता. बागेची खरड छाटणी एप्रिलमध्ये, फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मग डोळे फुटायला लावायची पेस्ट, फवारण्या, विरळणी, घड औषधात बुडवायची म्हणजे डिपिंगची मजुरी, हे सगळं दरवर्षी येणारच, आकडा थोडा मागेपुढे होतो इतकंच. त्याची सोय आबा आधीच्या मालाचे पैसे हातात आले की लगेच करतात. गार मात्र कधी पडेल सांगता येत नाही, पडलीच तर अर्ध्या तासात बाग झोपते, आणि तिच्यासाठीचे पैसे त्यांनी वेगळेच ठेवलेत, त्यातून ते खताची गोणीसुद्धा आणत नाहीत.

तर ज्या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो त्या ह्याच. एक अडीनडीचे पैसे, म्हणजे इमर्जन्सी फंड. दुसरे ठरलेल्या खर्चाचे पैसे, ज्याला सिंकिंग फंड म्हणतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हा शब्द मेंटेनन्सच्या बिलावर पाहिला असेल. आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के सिंकिंग फंडात घेते, आणि दुरुस्ती-देखभालीसाठी 0.75 टक्के वेगळे. कारण बिल्डिंग म्हातारी होणार हे पहिल्या दिवसापासून माहितीय, ती काय इमर्जन्सी नाही. गंमत म्हणजे बिल्डिंगसाठी आपण हे निमूट भरतो आणि स्वतःच्या घरासाठी कोणी करत नाही.

बँकेत दोन्ही पैसे सारखेच दिसतात, गोंधळ तिथेच होतो. दोन्ही ‘पडून’ असतात. पण ठरलेल्या खर्चाचा फंड खर्च होण्यासाठीच जमवलेला असतो, म्हणजे जूनमध्ये तो शून्यावर आला तर वाईट वाटायचं कारण नाही, काम झालं. अडीनडीचा शून्यावर आला तर आधी तो परत भरायचा, मग गोव्याबिव्याचं बघू.

मोजायची पद्धतही वेगळी. ठरलेल्या खर्चाला एक कागद पुरतो. आमचा असा निघाला, शाळा 54 हजार, पॉलिसी 22, दिवाळी 25, गाडीचा इन्शुरन्स-सर्व्हिसिंग 11, घरपट्टी 5, लग्नकार्यातले आहेर आणि जाणंयेणं 9. बेरीज 1 लाख 26 हजार, भागिले 12, महिन्याला साडेदहा हजार. मला धक्काच बसला, कारण मी समजत होतो की आपण महिन्याला दहा हजार बचत करतो. बचत कसली डोंबलाची, तो तर पुढच्या जूनचा खर्च होता! बऱ्याच जणांचं हेच होत असणार, बचत म्हणून दाखवायची ती फक्त उशिरा होणारी उधळण (उधळण चुकीचा शब्द, फी काय उधळण नाही, पण कळलं ना).

अडीनडीच्या पैशाला असा हिशोब नसतो, तिथे महिने मोजतात. नोकरी गेली किंवा पगार अडकला तर किती महिने घर चालेल. साधारण तीन ते सहा महिन्यांचा खर्च धरतात, पगार नाही, खर्च, आणि त्यात होम लोनचा हप्ता आला पाहिजे, तो लोक हमखास विसरतात. नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीत कंत्राटावर असाल, ऑर्डर कमी झाली की कधीही ब्रेक मिळतो, तर माझ्या मते सहाच्या खाली थांबू नका. नवरा-बायको दोघंही पर्मनंट असतील तर तीन चालतील.

आता कुठे ठेवायचे. ठरलेल्या खर्चाची तारीख माहिती असते, म्हणून बारा महिन्यांची बँकेची आरडी (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव) मस्त, मेमध्ये सुटेल अशी लावायची. पोस्टाची आरडी ह्या कामाची नाही, ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षं झाल्याशिवाय बंद करता येत नाही. भिशीही चालेल, पण नंबर ठरलेला असेल तरच, चिठ्ठीवाली असेल तर शाळा काय तुमच्या चिठ्ठीसाठी थांबणार नाही.

अडीनडीचे पैसे मात्र आज रात्री अकराला हवेत तर आज रात्री अकराला मिळाले पाहिजेत. थोडे सेव्हिंगला, बाकी मोडता येणारी एफडी, व्याज थोडं कमी मिळालं तरी चालेल. पीपीएफ नको, पंधरा वर्षांचं लॉक-इन आणि थोडेफार काढायचे तरी सातव्या आर्थिक वर्षापासून. आणि शेअरमधली एसआयपी तर नकोच. 2020 च्या मार्चमध्ये काय झालं आठवा, शेअर बाजाराचा निफ्टी निर्देशांक जानेवारीच्या टोकावरून एक तृतीयांशापेक्षा जास्त खाली आणि त्याच आठवड्यांत कंपन्या बंद. म्हणजे ज्या दिवशी पैसे लागणार त्याच दिवशी ते सगळ्यात कमी असणार.

खरी भांडणं मधल्या गोष्टींवरून होतात. स्कूटरचा टायर, फ्रीज, मोबाईल, इन्व्हर्टरची बॅटरी. कधी जाईल माहिती नाही, पण जाणार हे नक्की. मी म्हणायचो अचानक झालं ना, मग इमर्जन्सी. बायको म्हणते, “अहो, बॅटरी पाच वर्षांची झालीय, ती तुम्हाला कळवून मरणार का?” तिचं बरोबर आहे. तारीख माहिती नसली म्हणून संकट होत नाही, वस्तू झिजते हे माहिती आहे ना, मग ती छाटणीतच. साडेदहाचे आम्ही बारा हजार केले ते ह्यासाठी.

आणि नाशिककरांची एक खास छाटणी तर बारा वर्षांनी येते. मागचा सिंहस्थ कुंभमेळा 2015 ला झाला, आता मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मध्ये. तेव्हा आपण रामकुंडापासून तासाभराच्या अंतरावर राहतो हे ज्या ज्या नातेवाइकाला माहिती आहे तो येणार, गाद्या लागणार, गॅसचा जास्तीचा सिलेंडर लागणार. आम्ही त्याचे महिना पाचशे आत्तापासून टाकतोय. हसू नका.

बांगड्या सोडवून आणल्यावर बायकोने बँकेच्या अ‍ॅपमध्ये दोन्ही अकाउंटना टोपणनावं दिली, एकाला ‘छाटणी’, दुसऱ्याला ‘गार’. गारमध्ये अजून तीन महिन्यांचेही पूर्ण झालेले नाहीत. परवा गीझर गेला, मी मोबाईल काढला आणि अंगठा नेमका कुठल्या अकाउंटवर जातोय हे ती खांद्यावरून बघत उभी होती.